फुकट दिलेले कुठे जाते?

मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय, आणि या लेखाचा विषय माझ्यापर्यंत आला तो एका शुद्धिपत्रामुळे. २००४ च्या पावसाळ्यात अमेरिकेत नोकरी करणारा माझा मावसभाऊ सांगलीला आमच्याकडे तीन आठवडे राहिला होता. त्याच्या सामानात एक जाडजूड, चित्रांनी भरलेले पुस्तक होते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळाचे ते नियमपुस्तक. पाने ३२०. पत्त्यांच्या सगळ्या डावांचे नियम एकत्र छापले तरी एवढी पाने भरायची नाहीत, असे मनात आले आणि मी ते वाचायला घेतले. सवयीप्रमाणे हातात पेन्सिल होतीच. चार-सहा ठिकाणी समासात प्रश्नचिन्हे करून भावाला दाखवली, तर तो हसून म्हणाला, "अगं, याचं शुद्धिपत्र कंपनीच्या वेबसाइटवर आहे. फुकट."

दुसऱ्या दिवशी आम्ही सायबर कॅफेत गेलो आणि शुद्धिपत्र छापून आणले. त्याचा पहिलाच परिच्छेद वाचून मी त्या खेळाच्या प्रेमात पडले. मजकूर आणि कोष्टक यांत तफावत आढळली तर मजकूर प्रमाण धरावा, असा दंडक त्यात घालून दिला होता. तीस वर्षांच्या माझ्या धंद्यात इतके स्वच्छ शुद्धिपत्र मी क्वचित पाहिले आहे. मग त्याच संकेतस्थळावरची आणखीही पाने छापली. बाकीची एका सीडीवर उतरवून घेतली.

ती सीडी आता वाचता येत नाही. आमच्या हवेत तिला बुरशी लागली. कागद शाबूत आहेत. पण ज्या संकेतस्थळावरून ती पाने घेतली, तिथे ती आता नाहीत. हा लेख त्या न राहण्याबद्दल आहे. विषय दूरचा वाटेल. मात्र छापील वस्तू आणि तिचे फुकटात मिळणारे पुरवणी-साहित्य यांच्या नशिबात किती अंतर असते, हे या खेळाच्या इतिहासाइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेले नाही.

टेबलाभोवतीचा खेळ

खेळ कसा चालतो ते आधी सांगते. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो. त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "समोर अर्धवट मोडलेला दरवाजा आहे. आतून पाण्याचा आवाज येतोय." एक जण म्हणतो, "मी दाराला कान लावतो." काही ऐकू येते की नाही हे कधी सूत्रधार ठरवतो, कधी फासा. त्यातला सर्वांत प्रसिद्ध फासा वीस बाजूंचा असतो. पट असलाच तर आकृत्या मांडण्यापुरता. जिंकणे-हरणे नाही, ठरलेला शेवट नाही. आज थांबलेली गोष्ट पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू होते आणि काही टेबलांवर ती वर्षानुवर्षे चालते.

म्हणजे हे नाटक आहे, पण संहिता नसलेले. मग नियमपुस्तक कशासाठी? खेळणाऱ्यांमधला करार म्हणून. मुलांच्या खेळात एक जण ओरडतो "मारलं!" आणि दुसरा ओरडतो "नाही लागलं!" तिथून पुढे भांडण. नियमपुस्तक त्या भांडणाचा निकाल आधीच लावून ठेवते.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ टीएसआर या छोट्या कंपनीने प्रसिद्ध केला. गायगॅक्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावचे, आर्नेसन मिनेसोटातले. लाकडी नक्षीच्या कागदाने मढवलेली एक पेटी, आत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर. पहिल्या छपाईत फक्त १,००० प्रती निघाल्या. त्या पुस्तिका नवख्या माणसाला नीट कळत नसत. वाचकाकडे 'चेनमेल' हे युद्धखेळाचे आधीचे पुस्तक असेल असे त्यात गृहीत धरले होते. त्यामुळे ठिकठिकाणच्या खेळाडूंनी रिकाम्या जागा आपापल्या परीने भरल्या, भरलेले एकमेकांना टपालाने कळवले, सायक्लोस्टाइल करून वाटले. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला ली गोल्ड यांनी सुरू केलेले 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे असेच हौशी नियतकालिक. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते निघत राहिले.

या खेळात चोर हे पात्र आज इतके मूलभूत मानले जाते की ते पहिल्या पेटीत नव्हते हे सांगितले तर नव्या खेळाडूला खरे वाटत नाही. ते सुचले कॅलिफोर्नियातल्या एका खेळाडूंच्या गटाला. त्यांच्याकडून ते गायगॅक्सच्या कानावर गेले. १९७४ मध्येच त्याचा कच्चा आराखडा एका लहानशा वार्तापत्रात छापला गेला आणि १९७५ च्या पुरवणीत ते पात्र पुस्तकात आले. हे आज ठाऊक आहे, कारण त्या वार्तापत्राच्या काही प्रती कोणी तरी फेकून दिल्या नाहीत. जॉन पीटरसन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला 'प्लेइंग अ‍ॅट द वर्ल्ड' हा या खेळाचा सविस्तर इतिहास बऱ्याच अंशी असल्याच कागदांवर उभा आहे.

आवृत्ती म्हणजे नवे मुखपृष्ठ नव्हे

आपल्याकडे पुस्तकाची दुसरी आवृत्ती म्हणजे बहुधा दुरुस्त केलेली, थोडी वाढवलेली पहिलीच. या खेळात तसे नाही. १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड' मालिकेची तीन मुख्य पुस्तके आली. १९८९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. १९९७ मध्ये अडचणीत आलेली टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सला खेळण्यांच्या व्यापारातल्या हॅझब्रोने घेतले. मग २००० मध्ये तिसरी आवृत्ती, २००३ मध्ये जिला सगळे साडेतिसरी म्हणतात ती, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी आणि २०२४ पासून पाचवीचीच नवी घडण.

या आवृत्त्यांतला फरक किती खोल असतो, याचे एक उदाहरण देते. पात्राला वार लागणे किती अवघड आहे हे सांगणारा एक आकडा असतो, आर्मर क्लास. जुन्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' नियमांत चिलखत नसलेल्या माणसाचा आकडा १०, आणि संरक्षण वाढेल तसा तो उतरत जाई. पोलादी चिलखत आणि ढाल घेतलेल्या योद्ध्याचा आकडा २. तिसऱ्या आवृत्तीने हे उलटे केले. तेव्हापासून आकडा जितका मोठा, तितके संरक्षण जास्त. आता १९७९ च्या साहसकथेत लिहिलेला २ आर्मर क्लासचा सरदार नव्या नियमांनी खेळायला घेतला, तर तो उघड्या अंगाच्या माणसापेक्षाही सहज मार खाईल. म्हणजे जुन्या आवृत्तीचे नियम हाताशी नसतील तर जुने साहित्य नुसते अवघड होत नाही, चुकीचे वाचले जाते.

आणि हे नियम एकट्या मुख्य पुस्तकात कधीच नसतात. छपाईनंतर शुद्धिपत्र निघते. खेळाडूंच्या शंकांना उत्तरे दिली जातात. गुंतागुंतीच्या नियमांवर खुद्द कर्त्यांपैकी कोणी स्पष्टीकरण लिहितो. मूळ पुस्तकात जागेअभावी न मावलेला मजकूर वेगळा दिला जातो. दहा वर्षे चाललेल्या आवृत्तीचा खरा देह हा एवढा सगळा मिळून असतो. मुख्य पुस्तक हा त्याचा कणा. मला रस आहे तो कण्याभोवतीच्या मांसात, कारण तेच आधी झडते.

उधळपट्टीची वर्षे

तिसऱ्या आवृत्तीच्या काळात विझर्ड्सच्या संकेतस्थळावर जेवढे फुकट मिळत होते तेवढे आज सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. पूर्ण साहसकथा होत्या. नव्या पुस्तकांना जोडून दिलेल्या पीडीएफ पुरवण्या होत्या. दर आठवड्याला एक नकाशा मिळे. बाजारातून गेलेली दुसऱ्या आवृत्तीतली काही पुस्तकेही उतरवून घेता येत. आणि स्किप विल्यम्स यांचा 'रूल्स ऑफ द गेम' हा स्तंभ होता. तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकी ते एक. शत्रूच्या टप्प्यात असताना बेसावध हालचाल केली तर त्याला एक जादा वार करू देणारा नियम त्यांनी भागाभागांनी समजावून दिला होता. पकडापकडीच्या, म्हणजे कुस्तीच्या, कुप्रसिद्ध नियमांवरही त्यांनी असेच लिहिले. माझ्या कागदांत यातले काही भाग आहेत. मुद्रितशोधकाच्या नजरेने सांगते, शिकवणे म्हणजे काय ते त्यात दिसते.

कंपनीच्या बाहेरही पसारा होता. १९९४-९५ च्या सुमारास टीएसआरने चाहत्यांचे इंटरनेटवरचे लेखन हटवायला लावले होते आणि त्यापायी बराच रोष ओढवून घेतला होता. विझर्ड्सने धोरण बदलले. ज्या काल्पनिक जगांवर पुस्तके काढणे आता परवडत नव्हते, त्यांची निगा राखायला काही चाहत्यांच्या संकेतस्थळांना अधिकृत मान्यता दिली. मिस्टारा नावाच्या जगासाठी 'व्हॉल्ट्स ऑफ पँडियस', डार्क सन या वाळवंटी जगासाठी 'अथास' हे त्यांतले. शिवाय हजारो खेळाडूंनी आपापले नकाशे, पात्रे, सुधारलेले नियम मिळेल त्या फुकट जागेवर ठेवले होते.

मिळेल त्या जागांचे पुढे काय झाले, याच्या तारखा मात्र नोंदलेल्या आहेत. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले. विझर्ड्सचा स्वतःचा चर्चामंच, जिथे वर्षानुवर्षे नियमांची चिरफाड चालली होती, २०१५ मध्ये बंद झाला. जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांचा मोठा गट गूगल प्लसवर होता. ते एप्रिल २०१९ मध्ये मिटले. याहू ग्रुप्सवरचा जमलेला मजकूर २०१९ च्या डिसेंबरात काढायला सुरुवात झाली आणि २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच संपली. तिसऱ्या आवृत्तीचे लेख आधी मुख्य संकेतस्थळावरून एका 'जुन्या साहित्याच्या' कोपऱ्यात हलवले गेले. काही वर्षांनी तो कोपराही गेला.

यात कोणी खलनायक शोधू नये. संकेतस्थळाची बांधणी बदलते, जुनी पाने नव्या बांधणीत बसत नाहीत, ती बसवायला माणूस लावावा लागतो आणि त्या माणसाचा पगार कोणत्या खात्यात टाकायचा हे ठरत नाही. पण नियमपुस्तकाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. धुलाई यंत्र दहा वर्षांनी बिघडते. १९७८ चे नियमपुस्तक आजही तितकेच चालते. त्यामुळे नव्या आवृत्तीची पहिली स्पर्धक दुसरी कंपनी नसते, मागची आवृत्ती असते. जुन्या खेळाची उत्तम निगा राखणे हे त्याच्या मालकाच्या तात्कालिक हिताचे नाही.

विकले ते राहिले

६ एप्रिल २००९ रोजी विझर्ड्सने आपल्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रतींची विक्री एकाएकी थांबवली. कारण चाचेगिरीचे दिले. एका नव्या पुस्तकाच्या बेकायदा प्रती पसरवल्याबद्दल आठ जणांवर दावेही लावले. जुन्या आवृत्त्यांची पुस्तके त्या दिवसापासून कायदेशीर मार्गाने संगणकावर मिळेनाशी झाली. जानेवारी २०१३ मध्ये ती पुन्हा विक्रीला आली आणि आज १९७० च्या दशकातली पुष्कळशी पुस्तके अधिकृतपणे विकत मिळतात.

इथे एक गोष्ट लक्षात येते. परत आले ते किंमत लावता येण्याजोगे. चार पानांचे शुद्धिपत्र, आठवड्याचा नकाशा, स्तंभाचा बारावा भाग यांना किंमत लावता येत नाही. शिवाय फुकट आहे, केव्हाही मिळेल, म्हणून वाचकानेही प्रत करून ठेवलेली नसते. पैसे देऊन घेतलेले पुस्तक माणूस फडताळात जपतो आणि नको झाले तर जुन्या बाजारात विकतो. दोन्हीकडे ते टिकते. फुकट दिलेल्याला ना फडताळ, ना जुना बाजार.

पैसे देऊनही फक्त वापरण्याची मुभा मिळाली असेल, तर परिणाम तोच. चौथ्या आवृत्तीची शोधसूची आणि पात्र घडवण्याचे साधन वर्गणी भरून वापरायचे होते. पात्र घडवण्याचे साधन सुरुवातीला स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता येई. २०१० च्या अखेरीस ते मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या तंत्रावर चालणारे केले गेले आणि कंपनीच्याच यंत्रावर राहिले. सिल्व्हरलाइट मागे पडले आणि १ जानेवारी २०२० पासून ती साधने बंद झाली. वर्गणीदाराच्या हातात काही उरले नाही. ज्यांनी आधीचे, उतरवून घेतलेले साधन पुसले नव्हते, त्यांचे तेवढे राहिले.

ऑगस्ट २०२४ मध्ये याचाच वेगळा प्रकार घडता घडता राहिला. पाचव्या आवृत्तीची नवी घडण येणार होती. खेळाच्या 'डी अँड डी बियाँड' या अधिकृत संकेतस्थळाने जाहीर केले की खेळाडूंच्या पात्रपत्रिकांतले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नव्या नियमांतले मंत्र आणि वस्तू येतील. खेळाडू संतापले आणि थोड्याच दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. छापील पुस्तकाच्या बाबतीत असा निर्णय घेता येत नाही. तुमच्या घरातल्या कपाटातले पान रात्रीतून कोणी बदलून जात नाही.

एका शब्दाची किंमत

मग जुनी आवृत्ती टिकवायची कोणी आणि कशाच्या बळावर? इथे कायद्यातला एक बारकावा उपयोगी पडतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये 'बेकर विरुद्ध सेल्डन' या खटल्यात ठरवले की हिशेब ठेवण्याची पद्धत समजावणाऱ्या पुस्तकावर लेखकाचा हक्क आहे, त्या पद्धतीवर नाही. हेच तत्त्व खेळांना लागू आहे. खेळाची रीत कोणाच्याही मालकीची नसते. ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली ते शब्द आणि चित्रे मालकीची असतात. १९७४ च्या त्या तीन पुस्तिकांचे शब्द अमेरिकेत १ जानेवारी २०७० रोजी मुक्त होतील. तोपर्यंत पुस्तिका जशाच्या तशा वाटता येणार नाहीत. त्यांतल्या रीतीने खेळता येईल आणि ती रीत आपल्या शब्दांत लिहिताही येईल.

मात्र रीत कुठे संपते आणि शब्द कुठे सुरू होतात, हे न्यायालयात गेल्याशिवाय ठरत नाही. ती भीती दूर करायला २००० मध्ये विझर्ड्सने एक मुक्त परवाना दिला, ओपन गेमिंग लायसन्स. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा या परवान्याखाली फुकट उपलब्ध झाला. कोणीही तो घ्यावा, बदलावा, छापून विकावा. त्यामागे धर्मादाय नव्हता. सगळे एकाच पद्धतीने खेळू लागले तर मुख्य पुस्तक आपलेच खपेल, असा व्यापारी हिशेब होता. पण परिणाम हिशेबापलीकडे गेला. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा पायझो या प्रकाशनसंस्थेने याच परवान्याच्या आधारे साडेतिसरीचे नियम पुढे चालवले. त्यांचे 'पाथफाइंडर' २००९ मध्ये पुस्तकरूपात आले. मालकाने सोडलेली आवृत्ती दुसऱ्याच्या घरी जगली.

या परवान्यात तो कायमस्वरूपी असल्याचे म्हटले होते. तो मागे घेता येणार नाही, असे मात्र म्हटले नव्हते. आणि परवान्याची कोणतीही 'अधिकृत' प्रत वापरा, असे एक कलम होते. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला, तेव्हा वाद या एका विशेषणावर येऊन ठेपला. जुनी प्रत यापुढे अधिकृत नाही, असे कंपनी म्हणू पाहत होती. तेवीस वर्षांत त्या परवान्यावर शेकडो लेखकांनी आणि छोट्या प्रकाशकांनी आपला धंदा उभा केला होता. परवाना आखणाऱ्यांतले प्रमुख, रायन डॅन्सी, यांनी तो रद्द करता यावा असा हेतू कधीच नव्हता, असे जाहीरपणे सांगितले.

पण हेतूला पुरावा काय? पुरावा होता. २००० नंतरच्या त्या उधळपट्टीच्या वर्षांत कंपनीनेच आपल्या संकेतस्थळावर परवान्याबद्दलची प्रश्नोत्तरे फुकट ठेवली होती. कंपनीने पुढे परवाना बदलला आणि तुम्हाला बदल पटला नाही तर जुनी प्रत वापरत राहता येईल, अशा अर्थाचे उत्तर त्यात स्पष्ट दिले होते. कंपनीच्या संकेतस्थळावरून ते पान कधीच गेले होते. सापडले ते वेबॅक मशीनमध्ये. इंटरनेट आर्काइव्ह या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने संकेतस्थळांच्या वेळोवेळी घेतलेल्या प्रतींचा तो संग्रह. कोणी तरी दोन दशकांपूर्वी सहज टिपून ठेवलेले ते पान जो तो एकमेकांना दाखवू लागला. २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेतली. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्स या दुसऱ्या परवान्याखाली मोकळा केला. त्या परवान्यात मागे न घेता येण्याचे कलम स्पष्ट आहे. साडेतिसरी मात्र त्या दिवशी जुन्याच परवान्याखाली राहिली.

माघारीची कारणे अनेक असतील. वर्गण्या रद्द करणाऱ्या खेळाडूंचाही त्यात मोठा वाटा होता. माझ्यापुरता मुद्दा इतकाच की लेखकांच्या पोटाचा प्रश्न आला तेव्हा कामाला आलेले पान कोणी विकत घेतलेले नव्हते आणि मालकाने जपलेले नव्हते.

पुन्हा लिहिणे

याच मुक्त परवान्याचा आणखी एक उपयोग खेळाडूंनी शोधला. २००६ मध्ये 'ऑस्रिक' या नावाने 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या पहिल्या आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत पुन्हा लिहिले गेले आणि फुकट दिले गेले. पाठोपाठ 'लॅबिरिंथ लॉर्ड', 'बेसिक फँटसी', 'स्वॉर्ड्स अँड विझार्ड्री' आले. मूळ पुस्तके बाजारात नव्हती, म्हणून ती रीत जिवंत ठेवण्याचा हा मार्ग. मूळ शब्द नाहीत, पण खेळ तोच.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्रात गेली आणि ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी तो ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्याचे निरनिराळे पाठ त्यातूनच झाले. ग्रंथ वाचला, पण मूळ शब्द कोणता हा प्रश्न अभ्यासकांना कायमचा चिकटला. खेळाच्या या पुनर्लेखनांचेही तसेच आहे. 'ऑस्रिक' वाचून १९७९ मध्ये कसे खेळायचे ते कळेल. गायगॅक्स एखादी गोष्ट कशी सांगत, कुठे विसंगत होत, वाचकाला कुठे दटावत, ते कळणार नाही.

पायझोने तिसरा मार्ग धरला. त्यांनी आपले फुकट नियमस्थळ बंद करून ते काम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या चाहत्यांच्या संकेतस्थळाकडे अधिकृतपणे सोपवले. तिथे 'पाथफाइंडर'ची पहिली आवृत्ती दुसरीच्या शेजारी आजही वाचता येते. हे चांगलेच झाले. तरी ते काही स्वयंसेवकांच्या उत्साहावर उभे आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि सगळ्यांचा शेवटचा आधार असलेले इंटरनेट आर्काइव्ह? ग्रंथप्रकाशकांनी २०२० मध्ये त्यावर भरलेल्या खटल्यात सप्टेंबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयातही संस्था हरली. तो खटला पुस्तके उसनी देण्याबद्दल होता, वेबॅक मशीनबद्दल नव्हता. पण झळ संस्थेलाच लागते. पुढच्याच महिन्यात सायबर हल्ल्यामुळे तिची सेवा कित्येक दिवस कोलमडली. शिवाय वेबॅक मशीन सगळेच टिपत नाही. सभासदत्वाच्या दाराआडचे, शोधपेटीत शब्द घातल्यावरच उघडणारे, पीडीएफचे दुवे असलेले कितीतरी त्याच्या जाळ्यातून निसटते. पान सापडते, पानावरचा नकाशा सापडत नाही, हा अनुभव शोध घेणाऱ्यांना नवा नाही.

एवढे पाहिल्यावर माझा निष्कर्ष साधा आहे. मालकाच्या मर्जीवर चालणारा फुकट संग्रह हा संग्रह नव्हे. ती पाणपोई आहे. पाणपोईचे पुण्य मोठे, पण तिच्या भरवशावर विहीर बुजवू नये. टिकते ते दोन अटी पुऱ्या झाल्या तर : प्रत करण्याची परवानगी मागे न घेता येण्याजोगी असावी आणि प्रती अनेकांच्या घरी असाव्यात. एकच अट पुरी झाली तर काम अर्धेच होते. परवानगी आहे पण प्रतच नाही, असे मोकळे केलेले कितीतरी साहित्य आज शोधून सापडत नाही. प्रत आहे पण परवानगी नाही, अशी माझी पाने. ती मी वाचू शकते, छापून वाटू शकत नाही.

गेल्या वर्षी त्या मावसभावाच्या मुलाचा फोन आला. मित्रांबरोबर वडिलांची साडेतिसरी आवृत्ती खेळायला काढली होती आणि त्या जादा वाराच्या नियमावर घोडे अडले होते. "आत्या, बाबा म्हणतात तुझ्याकडे काहीतरी छापलेलं आहे." मी फडताळातून फाइल काढली, विल्यम्स यांचे ते लेखांक शोधले आणि अडलेला परिच्छेद त्याला फोनवर वाचून दाखवला. पलीकडे तीन-चार मुले एकदम बोलू लागली. निकाल लागला होता.

फाइल परत ठेवताना पानाच्या तळाकडे लक्ष गेले. त्या काळी संगणकावरून पान छापले की खाली बारीक अक्षरांत त्याचा पत्ता आणि छापल्याची तारीख येई. तारीख अजून वाचता येते. त्या पत्त्यावर आता काही नाही.